जुन्या नॅसवर लिनक्स चढवलं आणि डबा बोलेना: नेमकं कुठं अडलं ते शोधायचं कसं

कपाटातला जुना नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवर फाइली ठेवायचा डिस्कचा डबा, काढायचा आणि त्यावर डेबियन हे लिनक्स चढवायचं, एवढाच रविवारचा बेत असतो. दुपारपर्यंत सगळं सुरळीत चालतं. मग डबा रीस्टार्ट होतो, हिरवा दिवा थोडा लुकलुकतो आणि पुढे सामसूम. राउटरच्या यादीत नाव नाही, पिंगला उत्तर नाही, एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन, तर लांबच राहिलं. मॉनिटर लावायला भोक नाही, कीबोर्ड लावून उपयोग नाही. मग "गेला वाटतं" म्हणत डबा परत कपाटात.

बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. काय बिनसलंय ते तो आतल्या आत ओळीमागून ओळ सांगत असतो, फक्त ते ऐकायची वायर आपण लावलेली नसते. ती वायर लावली की उरतो एकच प्रश्न: त्याचं बोलणं कुठल्या ओळीवर थांबलं? पुढचं सगळं त्या एका प्रश्नाभोवती आहे.

इथं मी मार्व्हलच्या कर्कवूड चिपवरचे डबे धरून लिहितोय, कारण जुन्या बाजारात आणि लोकांच्या माळ्यावर तेच जास्त सापडतात. शीवाप्लग, क्यूनॅप टीएस-२१९, झायझेल एनएसए३२५, सिनॉलॉजी डीएस२११जे ही त्याच कुळातली मंडळी. गिगाहर्ट्झच्या आसपासचा किंवा थोडा वरचा एआरएम प्रोसेसर आणि १२८ ते ५१२ एमबी रॅम. आजच्या फोनपुढे हे किरकोळ वाटेल. पण २००४ साली आलेल्या लिंकसिसच्या एनएसएलयू२ मध्ये ३२ एमबी रॅम होती, आणि त्यावरही लोकांनी डेबियन चालवलं. घरातले फोटो, गाणी आणि रात्रीचा बॅकअप एवढ्याला कर्कवूड पुरून उरतो.

एक सूचना: आज्ञा आणि पडद्यावरचे संदेश मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं, आणि आज्ञा असतील तर छोट्या लिपीतली; मोठं अक्षर लागतं तिथं तसं सांगितलंय.

हात लावण्याआधी

आवृत्ती नीट निवडा. अर्धी डोकेदुखी इथंच वाचते. कर्कवूड हा एआरएमचा जुना, पाचव्या पिढीचा प्रकार, आणि डेबियनमध्ये त्याच्या विभागाचं नाव आर्मेल. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये या चिपसाठी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये आर्मेलसाठी इन्स्टॉलरच नाही, आणि तयार कर्नल फक्त रास्पबेरी पायच्या सुरुवातीच्या मॉडेलांसाठी आहे. म्हणजे नवीनच घ्यावं म्हणून १३ च्या मागे लागलात तर फसाल. त्याहून वाईट म्हणजे नीट चाललेला १२ चा डबा उत्साहात १३ वर नेणं. १३ मध्ये या चिपचा कर्नलच नाही. कर्नल स्वतः बांधायची किंवा दुसरीकडून आणायची तयारी नसेल तर १२ वरच थांबा.

दुसरं, डिस्क काढून ठेवा. दोन्ही. सुरुवातीचे सगळे प्रयोग आठ-सोळा जीबीच्या पेन ड्राइव्हवर करा. डेटा असलेली डिस्क आत ठेवून इन्स्टॉलर चालवणं म्हणजे झोपाळलेल्या माणसाच्या हातात कात्री देणं. पार्टिशन निवडताना एसडीए आणि एसडीबी (लिनक्सने डिस्कना दिलेली नावं) यांत गल्लत व्हायला एक क्षण पुरतो.

तिसरं, मूळ फर्मवेअर, म्हणजे कंपनीने भरून दिलेलं सॉफ्टवेअर, अजून चालू असेल आणि त्यात एसएसएच उघडता येत असेल, तर फ्लॅशमधल्या (बोर्डावरच्या कायमच्या मेमरीतल्या) सगळ्या एमटीडी विभागांची प्रत काढून दुसऱ्या कॉम्प्युटरवर ठेवा. मॉडेलप्रमाणे काही एमबींपासून काही शे एमबींपर्यंतचा मामला आहे. परतीची वाट तीच.

कान लावणं: सिरियल वायर

झाकण उघडलंत की बोर्डाच्या कडेला चार किंवा जास्त पिनांची एक ओळ दिसेल, कधी पांढरा छोटा सॉकेट, कधी नुसती भोकं. हा सिरियल पोर्ट. यूएसबीतून टीटीएल सिरियल करणारं एक छोटं बोर्ड लागतं. त्यावर सीपी२१०२, सीएच३४० किंवा एफटी२३२ यांपैकी एखादी चिप असते. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला "यूएसबी टू टीटीएल" म्हटलं की दुकानदार पुढचं न विचारता काढून देतो. घेताना एवढंच बघा की सिग्नल ३.३ व्होल्टचा असावा. काहींवर ३.३ आणि ५ असा जंपर असतो, तो ३.३ वरच ठेवा.

तीनच तारा जोडायच्या. ग्राउंडला ग्राउंड, डब्याच्या टीएक्सला (पाठवणाऱ्या पिनला) बोर्डाचं आरएक्स (ऐकणारी पिन), डब्याच्या आरएक्सला बोर्डाचं टीएक्स. चौथी, म्हणजे विजेची तार, लावायचीच नाही. डब्याला त्याचा अ‍ॅडॉप्टर आहे. मी एकदा "चार पिना आहेत तर चारही लावू" असा विचार केला होता. लॅपटॉपचा यूएसबी पोर्ट तेव्हापासून फक्त चार्जिंगपुरता उरला.

कुठली पिन कुठली, ते मल्टिमीटरने कळतं. डबा बंद असताना केसच्या धातूशी ज्या पिनची सलगता लागते, बझर वाजतो, ती ग्राउंड. मग डबा चालू करून बाकीच्या पिना ग्राउंडशी मोजा. जी पिन ३.३ वर ठाम बसते ती विजेची. सुरू होताना जिथं आकडा थरथरतो ती टीएक्स, कारण तिथून अक्षरं बाहेर पडत असतात. उरलेली आरएक्स.

आता कॉम्प्युटरवर पिकोकॉम नावाचा छोटा प्रोग्रॅम घ्या आणि वेग ११५२०० ठेवा. मिनिकॉमही चालतो, पण त्यात हार्डवेअर फ्लो कंट्रोल आधीपासून चालू असतं. मग डब्याचं बोलणं दिसतं पण आपण टाइप केलेलं तिकडे पोचत नाही, आणि माणूस उगाच तारा उलटसुलट करत बसतो. तो पर्याय बंद करा. "परवानगी नाही" असं आलं तर आपला युजर डायलआउट ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या. आणि उबुंटू २२.०४ वर सीएच३४० चं बोर्ड लावताक्षणी दिसतं आणि लगेच नाहीसं होतं, हा प्रकार तुमच्याकडे झाला तर बोर्ड खराब नाही. अंधांसाठीचं ब्रेल उपकरण समजून बीआरएलटीटीवाय ही सेवा ते बळकावते. तुम्हाला ब्रेल लागत नसेल तर ते पॅकेज काढून टाका.

अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं आणि चौकोन आले तर वेग चुकलाय किंवा ग्राउंड सैल आहे. काहीच आलं नाही तर आधी टीएक्स-आरएक्सची अदलाबदल करून बघा. त्याने काही जळत नाही.

बोलणं कुठं थांबलं?

डबा चालू केला की सर्वांत आधी बोलतो तो यूबूट. हा बूटलोडर, म्हणजे लिनक्सला उठवणारा छोटा प्रोग्रॅम. स्वतःची आवृत्ती, रॅम किती ते सांगतो आणि मग "हिट एनी की टू स्टॉप ऑटोबूट" म्हणत उलटी मोजणी करतो. त्या दोन-तीन सेकंदांत एखादं बटण दाबलं की त्याचा प्रॉम्प्ट मिळतो. तिथं पहिली आज्ञा एकच: प्रिंटएन्व्ह. जे छापून येईल ते सगळं उचलून एका फाइलमध्ये ठेवा. नेटवर्क कार्डाचा पत्ता, बूट कुठून करायचं, कर्नलला काय सांगायचं, डब्याचं सगळं संचित त्यात आहे.

आणि इथली सोय लक्षात असू द्या: सेटएन्व्हने केलेला बदल फक्त रॅममध्ये राहतो. सेव्हएन्व्ह म्हणेपर्यंत तो पक्का होत नाही. म्हणून आधी बदला, बूट म्हणा, चाललं तर दुसऱ्यांदा येऊन सेव्ह करा. चुकलं तर वीज बंद-चालू, सगळं पूर्ववत. लिनक्सच्या आतून एफडब्ल्यू-सेटएन्व्हने हेच करता येतं, पण तिथं एक खड्डा आहे. एफडब्ल्यू-प्रिंटएन्व्हने "बॅड सीआरसी, डिफॉल्ट एन्व्हायर्नमेंट वापरतोय" असं म्हटलं तर काही लिहू नका. याचा अर्थ त्याला खरी जागा सापडलेलीच नाही, त्याच्या कॉन्फिग फाइलमधला पत्ता किंवा आकार चुकलाय. तशात लिहिलंत तर भलत्याच जागी जाईल, किंवा चांगल्यावर पाणी फिरेल.

आता एकेक थांबा बघू.

*यूबूटच बोलत नाही.* वायर तपासून झाली, वीज आहे, तरी एक अक्षर नाही. म्हणजे फ्लॅशमधला बूटलोडर बिघडलाय. हा सर्वांत भीतिदायक प्रकार, पण कर्कवूडच्या चिपमध्येच एक छोटा कायमचा प्रोग्रॅम असतो, जो सिरियल वायरवरून बूटलोडर स्वीकारतो. डेबियनच्या यूबूट-टूल्स पॅकेजमधलं केडब्ल्यूबूट हे काम करतं: आधी कॉम्प्युटरवर ते चालू करायचं, मग डब्याची वीज लावायची, आणि टक्केवारी पुढे सरकताना बघत बसायचं. अगदी सुरुवातीच्या काही चिपांवर हे चालत नाही. बाकीच्यांवर एक-दोनदा वीज काढ-घाल करावी लागते, पहिल्या झटक्यात जमेलच असं नाही.

*यूबूट बोलतो, पण पेन ड्राइव्ह सापडत नाही किंवा फाइल वाचत नाही.* हा माझ्या मते सर्वांत जास्त लोकांना अडवणारा थांबा, आणि दोष बहुतेक वेळा फॉरमॅटचा. आपण नव्या लॅपटॉपवर पेन ड्राइव्ह लिनक्सच्या एक्स्ट४ प्रकारात फॉरमॅट करतो. २०१६ नंतरची फॉरमॅट करणारी साधनं त्यात ६४ बिट आणि चेकसमच्या सोयी आपोआप चालू करतात, आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या यूबूटला त्यातलं काही उमगत नाही. जीपीटी पार्टिशन टेबलही अनेक जुन्यांना कळत नाही. उपाय साधा: जुन्या एमबीआर टेबलवर सुरुवातीला दोन-तीनशे एमबीचं छोटं बूट पार्टिशन करा, ते एक्स्ट२ ठेवा, आणि कर्नलची फाइल तिथं टाका. उरलेल्या जागेत एक्स्ट४ खुशाल असू द्या, ते वाचायचं काम यूबूटचं नाही, कर्नलचं आहे.

पेन ड्राइव्हच दिसत नसेल तर यूबूटच्या प्रॉम्प्टवर यूएसबी-स्टार्ट म्हणा आणि किती उपकरणं सापडली ते बघा. शून्य आलं तर दुसऱ्या कंपनीचा, शक्यतो जुना यूएसबी २ चा पेन ड्राइव्ह लावा. पुढच्या निळ्या भोकात लावला असेल तर मागच्या साध्या भोकात लावा. निळ्या भोकामागे बऱ्याचदा वेगळी चिप असते, आणि तिचा ड्रायव्हर यूबूटकडे नसतो.

*"बॅड मॅजिक नंबर" किंवा "राँग इमेज फॉरमॅट".* फाइल सापडली, पण यूबूटला हवी तशी बांधलेली नाही. जुन्या यूबूटला कर्नल यूइमेज या वेष्टनात लागतो. ते एमकेइमेज घालतं. "बॅड डेटा सीआरसी" आलं तर वेष्टन बरोबर आहे, आतला माल अर्धवट आलाय. फाइल परत कॉपी करा, आणि पेन ड्राइव्ह काढण्याआधी सिंक म्हणा, नुसता उपटू नका.

*"स्टार्टिंग कर्नल" आणि मग चिडीचूप.* इथं लोक हात टेकतात. शक्यता तीन. एक, कर्नल चाललाय, पण बोलायचं कुठल्या वायरवर हे त्याला माहीत नाही. बूटआर्ग्समध्ये, म्हणजे यूबूट कर्नलला देतो त्या सूचनांत, कन्सोलच्या जागी टीटीवायएस० (एस मोठ्या लिपीतला) आणि ११५२०० आहे का बघा. दोन, डिव्हाइस ट्री नाही. ही छोटी फाइल बोर्डावर काय कुठं आहे याचा नकाशा असते. जुना यूबूट ती कर्नलला देऊ शकत नाही, म्हणून ती कर्नलच्या फाइलच्याच शेपटीला जोडून मग वेष्टन घालावं लागतं. डेबियनमधलं फ्लॅश-कर्नल ओळखीच्या डब्यांसाठी हे आपण होऊन करतं. हाताने केलं असेल तर आधी नकाशा जोडायचा आणि नंतर वेष्टन, हा क्रम उलटा होऊ देऊ नका. तीन, मॉडेल जवळचं पण वेगळं, आणि नकाशा शेजारच्या मॉडेलचा. नावातला एक आकडा किंवा शेवटचं एक अक्षर बदललं की आतला बोर्ड वेगळा असू शकतो.

*कर्नल धडाधड बोलतो आणि इनिटरॅमएफएसच्या (बूटच्या सुरुवातीच्या तात्पुरत्या छोट्या सिस्टिमच्या) प्रॉम्प्टवर येऊन बसतो.* वर "अलर्ट" म्हणून अमुक यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) सापडला नाही असं लिहिलेलं असतं. घाबरू नका, ही चांगली बातमी आहे, हार्डवेअरचा प्रश्न संपलाय. तिथंच बीएलकेआयडी म्हणा. पेन ड्राइव्ह यादीत दिसला तर एक तर यूयूआयडी चुकीचा लिहिलाय, किंवा तो जागा व्हायला उशीर झाला. बूटआर्ग्समध्ये रूटडिले १० घातलं की उशिराचा प्रश्न सुटतो. रूटच्या जागी एसडीए१ असं लिहिलं असेल तर ते आजच काढा. उद्या डिस्क आत घातलीत की तीच एसडीए होईल आणि पेन ड्राइव्ह होईल एसडीबी.

*अपडेटनंतर "कर्नल मावत नाही".* क्यूनॅपसारख्या काही डब्यांत कर्नल आणि इनिटरॅमएफएस फ्लॅशमध्येच असतात आणि तिथली जागा ठरलेली, वाढत नाही. इनिटरॅमएफएस-टूल्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये मॉड्यूल्स समोर मोस्ट असतं, ते डेप करा आणि परत बांधा. सगळ्या जगाचे ड्रायव्हर जाऊन या डब्यापुरते उरतात आणि आकार बराच उतरतो. पण कर्नलची फाइलच त्याच्या जागेपेक्षा मोठी झाली असेल, तर या उपायाने काही होत नाही.

फिरून फिरून भोपळे चौकात

एक प्रकार मात्र कुठल्याच ओळीवर थांबत नाही. माझ्या एका दोन-खणी डब्याने मला त्यात आठवडाभर नाचवलं. यूबूट यायचा, कर्नल सुरू व्हायचा, डिस्क ओळखल्याच्या ओळी यायच्या आणि पुन्हा यूबूट. कधी तिसऱ्या फेरीत पूर्ण सुरू व्हायचा आणि दोन दिवस चालायचा. मी कर्नल बदलले, डिव्हाइस ट्री बदलली, रॅमवर संशय घेतला. शेवटी लक्षात आलं की पेन ड्राइव्हवरून, डिस्कशिवाय, तो कधीच अडखळत नाही.

मल्टिमीटर अ‍ॅडॉप्टरच्या टोकाला लावला: १२.१ व्होल्ट. उत्तम. मग डिस्क लावून, डबा चालू करून, चालू असतानाच बोर्डावर मोजलं. डिस्क फिरायला लागली त्या क्षणी आकडा साडेनऊच्या खाली आला आणि पडद्यावर यूबूट. साडेतीन इंची डिस्कला थांबलेल्या अवस्थेतून फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास ओढ लागते. दोन डिस्क एकदम उठल्या की दुप्पट. नवा असताना अ‍ॅडॉप्टर ते सोसत होता. दहा वर्षं राउटरमागच्या उबेत काढल्यावर त्याचे कपॅसिटर दमले होते. उघडून बघितलं तर एकाचं डोकं पुरीसारखं फुगलेलं. नवा पाच अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लावला आणि विषय संपला.

तेव्हा सॉफ्टवेअरवर आठवडा घालवण्याआधी ओझ्याखाली मोजा. रिकामा मोजलेला व्होल्टेज काहीच सांगत नाही.

सुरू झाला, पण नेटवर्कवर सापडत नाही

सिरियलवर लॉगिन दिसतंय म्हणजे निम्म्याहून जास्त काम झालं. आयपी लिंक म्हणा आणि नेटवर्क कार्डाचं नाव वाचा. ते ईटीएच० च असेल असं धरून चालू नका. तयार रूटएफएस (पूर्ण सिस्टिमच्या फाइलींचा संच) दुसऱ्या डब्यावरून आणली असेल, किंवा सिस्टिमडीने नवं नाव दिलं असेल, तर नेटवर्कच्या फाइलमध्ये एक नाव आणि प्रत्यक्षात दुसरं असा घोळ होतो. दोन्ही जुळवा.

दर रीस्टार्टला आयपी बदलत असेल तर मॅक, म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता, बघा. यूबूटचं एन्व्हायर्नमेंट कधी पुसलं गेलं असेल तर त्यातला ईटीएचअ‍ॅडर गेलेला असतो आणि कर्नल दर वेळी नवा पत्ता मनाने बनवतो. राउटरला वाटतं रोज नवीन पाहुणा आला. खरा पत्ता डब्याच्या बुडावर स्टिकरवर छापलेला असतो, तो यूबूटमध्ये परत भरा.

पिंग लागतं पण एसएसएच "रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन बदललं" म्हणून मोठ्या अक्षरांत ओरडतं? इन्स्टॉलरची किल्ली वेगळी होती, बसवलेल्या सिस्टिमची वेगळी, एवढंच. नुकतंच इन्स्टॉल केलंय ना, मग एसएसएच-कीजेन -आर (हा आर मोठ्या लिपीतला) आणि तो आयपी, जुनी नोंद गेली. आणि रूटचा पासवर्ड बरोबर असून आत घेत नसेल तर दोष तुमच्या टायपिंगचा नाही. २०१५ पासून ओपनएसएसएचमध्ये रूटला पासवर्डने येणं मुळातच बंद असतं. साधा युजर बनवा, त्यातून एसयू करा.

किरकोळ, पण छळणारं

आत जाऊन एपीटी अपडेट केलं आणि "ही फाइल अजून वैध नाही" किंवा सर्टिफिकेटच्या तारखेची तक्रार आली, तर आधी डेट म्हणून बघा. १९७० किंवा असंच जुनं वर्ष दिसलं तर बोर्डावरचा घड्याळाचा नाण्यासारखा सेल संपलाय, किंवा तुमच्या मॉडेलमध्ये तो नाहीच. तारीख हाताने घाला, मग वेळ जुळवणारी सेवा आणि फेक-एचडब्ल्यूक्लॉक हे पॅकेज चढवा.

१२८ एमबीच्या डब्यावर एपीटी मध्येच "किल्ड" म्हणून मरत असेल तर स्वॅप (रॅमला जोड म्हणून डिस्कवरची जागा) द्या, पाचशे एमबी पुरे. तेवढ्या रॅमवर वेबवरून चालणारी भारी नियंत्रण पॅनेलं चढवायच्या फंदात पडू नका. साधं सांबा (नेटवर्कवर फाइली वाटायला) आणि एसएसएच ठेवा.

पंख्याकडे मात्र लक्ष हवं. मूळ फर्मवेअरच पंखा, भोंगा आणि दिवे सांभाळत होतं. ते गेलं की पंखा एक तर पूर्ण वेगाने घोंघावतो किंवा फिरतच नाही. क्यूनॅपमध्ये हे काम दुसऱ्या सिरियल पोर्टवरचा एक वेगळा छोटा कंट्रोलर करतो आणि त्याच्याशी बोलायला क्यूकंट्रोल पॅकेज लागतं. पंखा फिरत नसेल तर डिस्क आत घालू नका. घातल्यावर पहिला दिवस स्मार्टसीटीएलने तापमान बघत राहा. मे महिन्यात बंद कपाटातल्या डब्यात पन्नाशी गाठायला वेळ लागत नाही.

शेवटी जुन्या डिस्क. मूळ फर्मवेअर आत लिनक्सचंच असल्यामुळे त्याने केलेलं रेड (अनेक डिस्कची एकत्र जोडणी) बरेचदा लिनक्सच्या एमडीएडीएमला ओळखू येतं. आधी प्रॉक-एमडीस्टॅट वाचा, आणि रीड-ओन्ली माउंट करून डेटा बाहेर काढा. डेटा सुरक्षित झाल्यावर नव्याने फॉरमॅट करताना "डिव्हाइस बिझी" आलं, तर त्याच जुन्या रेडने डिस्क धरून ठेवलीय. एमडीएडीएमने ते रेड थांबवा, झीरो-सुपरब्लॉक करा, मग फॉरमॅट.

सगळं चाललं की झाकण लावण्याआधी सिरियलच्या तीन तारांना एक छोटी शेपटी जोडा आणि ती मागच्या जाळीतून बाहेर काढून ठेवा. बुडावर मार्करने तारांचे रंग, कुठला टीएक्स कुठला आरएक्स, आणि ११५२०० एवढं लिहा. प्रिंटएन्व्हची ती फाइल आणि फ्लॅशची प्रत मात्र या डब्यात न ठेवता दुसरीकडे ठेवा.